पावसात रायगड: पायऱ्यांचा धबधबा का होतो?

मंडळी, हिरकणीवाडीतून रोपवेने काही मिनिटांत रायगडावर पोचता येतं, म्हणून पावसाळी ट्रिप सोपी वाटते. पण जुलै २०२४ मध्ये पायऱ्यांवरूनच लोंढा आला, पर्यटक अडकले, प्रशासनाने गड बंद केला.

कारण साधं आहे. माथा काळ्या कातळाचा, वर माती कमी. पाणी फारसं मुरत नाही, उताराची मोकळी वाट धरतं. पायऱ्या म्हणजे तीच वाट. आम्ही कोडवाले याला ओव्हरफ्लो म्हणू, फक्त इथे रीस्टार्ट नाही! आणि पाऊस थांबला तरी वरचं पाणी लगेच थांबत नाही.

निघण्याआधी हवामान खात्याचा अलर्ट बघाच. गड बंद असेल तर मी तरी पाचाडला जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेऊन परत फिरतो.