मोटार घसरविण्याची विद्या व टायरांचा हिशेब

मोटार मुद्दाम आडवी घसरवीत वळण घेण्याचा जो खेळ आहे, त्यास ड्रिफ्टिंग असें म्हणतात. त्याचीं चलच्चित्रें पाहून आमच्या विद्यार्थिमित्रांचे डोळे दिपतात, हें आम्ही जाणतों. मागच्या चाकांतून पांढरे धुराचे लोट निघूं लागले कीं टाळ्या पडतात. परंतु तो धूर कशाचा, आणि त्याचे पैसे कोण भरतो, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, या विद्येची फी टायरांच्या रूपानें भरावी लागते. ती विचारानें भरणारा लवकर शिकतो. भलत्या ठिकाणीं काटकसर करणारा मात्र कधीं कधीं प्राणासही मुकतो.

या खेळाची जन्मभूमि जपान होय. तेथील कुनिमित्सु ताकाहाशी हे प्रथम मोटारसायकलच्या शर्यतींत नांवाजले. पुढें १९७० नंतरच्या दशकांत मोटारींच्या शर्यतींत ते गाडी घसरवीत वळणें घेऊं लागले. त्यांचें अनुकरण केइची त्सुचिया यांनीं केलें, आणि डोंगरांतील नागमोडी रस्त्यांवर सराव करून ही कला लोकप्रिय केली. टोयोटा कारखान्यानें १९८३ सालीं काढलेली ए. ई. ८६ ही लहानशी, हलकी मोटार त्यांच्यामुळें विशेष प्रसिद्धीस आली. २००१ पासून डी-वन ग्रां प्री या नांवानें सामन्यांची मालिका सुरू झाली, व फुकुशिमा प्रांतांतील एबिसु येथील धांवपट्टी या खेळाचें जणू विद्यापीठच बनली. सार्वजनिक रस्ता सोडून हा खेळ बंद आवारांत आला, हीच त्याची मोठी सुधारणा होय.

आतां टायर झिजतो कसा तें पाहूं. चाक सरळ फिरत पुढें जात असतें, तेव्हां रबराचा जो भाग जमिनीस टेकतो तो त्या क्षणापुरता जवळजवळ स्थिर असतो; म्हणून नित्याच्या प्रवासांत टायर हजारों किलोमीटर टिकतो. घसरणाऱ्या गाडीचें तसें नाहीं. तिचीं मागचीं चाकें गाडीच्या गतीहून अधिक वेगानें फिरतात, आणि त्याच वेळीं आडवींही सरकतात. इंजिनाची बरीचशी शक्ति घर्षणांत जाऊन तिची उष्णता होते. रबर तापतें, मऊ पडतें, व त्याचे कण सुटून जमिनीवर काळे पट्टे उमटतात. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकलेला नियम येथें जसाच्या तसा लागू पडतो: घर्षणाचें बल गुणिलें घसरण्याचें अंतर म्हणजे खर्ची पडलेलें कार्य. खोडरबर कागदावर नुसतें टेकविलें तर झिजत नाहीं. घासलें म्हणजे झिजतें, आणि भरभर घासलें तर बोटास ऊनही लागतें. टायराची गोष्ट याहून निराळी नाहीं.

या नियमांतच काटकसरीची किल्ली आहे. एक तर बल कमी करावें, नाहीं तर अंतर. बल कमी करण्याचा उत्तम उपाय म्हणजे पाणी. बंद मैदानावर पाणी शिंपून सराव केला असतां घर्षण घटतें, रबर थंड राहतें, आणि थोड्या वेगांतच गाडी घसरूं लागते. वेग थोडा असल्यामुळें शिकणारास आपली चूक दिसण्यास व ती सुधारण्यास अवकाश मिळतो. एकाच उपायानें पैसा वांचतो व विद्याही वाढते. गाडी मागच्या चाकांस शक्ति पोंचविणारी हवी. परंतु ती हलकी व बेताच्या शक्तीची असावी. नवशिक्यानें जबर इंजिनाची मोटार घेणें म्हणजे पोहणें शिकण्यास पुराची नदी निवडणें होय.

अंतर कमी होतें तें धड्यांच्या क्रमानें. प्रथम एका शंकूभोंवतीं वर्तुळ, मग दोन शंकूंभोंवतीं इंग्रजी आठाचा आंकडा, आणि तो साधल्यावरच एका वळणांतून दुसऱ्या वळणांत जाणें. प्रत्येक फेरीपूर्वीं आपणांस काय साधावयाचें तें मनांत ठरवावें. कांहीं फेऱ्या झाल्या कीं थांबून टायर निवूं द्यावे व काय चुकलें तें आठवावें. समजा, मागच्या टायरांच्या जोडीस ६,००० रुपये पडले व ती ६० फेऱ्या टिकली. तर दर फेरीस १०० रुपये लागले. त्यांतील २० फेऱ्या नुसता धूर काढण्यांत गेल्या असतील, तर २,००० रुपये अक्षरशः धुरांत गेले. हा हिशेब वहींत मांडणारास निराळ्या उपदेशाची गरज नाहीं.

टायरांच्या निवडीनेंही खर्च आटोक्यांत राहतो. मऊ रबर जमीन घट्ट धरतें, पण लवकर झिजतें. कठीण रबर लवकर सुटतें, पण अधिक टिकतें. म्हणून शिकाऊ लोक मागें कठीण रबराचे, लहान व्यासाचे, पुष्कळदां वापरलेलेच टायर घालतात. हवा अधिक भरली तर टायराचा मधला भाग आधीं झिजतो, कमी भरली तर दोन्ही कडा. यास्तव प्रत्येक सरावानंतर झीज पाहून हवेचें प्रमाण ठरवावें. मात्र टायराच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा कधींही ओलांडूं नये. एकाच दिशेनें फिरल्यास बाहेरच्या टायरावर अधिक भार येतो, म्हणून दोन्ही दिशांनीं सराव करावा.

आतां काटकसर कोठें करूं नये तें सांगतों. पुढचीं चाकें गाडीस दिशा देतात. घसरलेली गाडी सांवरते ती त्यांच्याच पकडीवर. तेथें चांगलेच टायर हवेत. मागच्या टायरांतही रबराखालचे धागे वा तारा दिसूं लागल्या कीं तत्काळ थांबावें, कारण असा टायर केव्हां फुटेल याचा नेम नाहीं. जुना टायर घेतांना बाजूवरील चार अंकांची खूण वाचावी: १२१९ म्हणजे २०१९ सालाच्या बाराव्या आठवड्यांत बनलेला. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, सरावाचा झिजलेला टायर पुन्हा रस्त्यावरील गाडीस घालूं नये. खोबणींची खोली १.६ मिलिमीटरांवर आली म्हणजे त्यांच्या तळाचे उंचवटे वरच्या रबराशीं समपातळींत येतात. तेव्हां तो टायर बाद समजावा. मैदानावर ज्या निसरडेपणासाठीं तो घेतला, तोच खंडाळ्याच्या घाटांत भर पावसांत घातक ठरेल.

पालकांसही दोन शब्द. आपल्या देशांत १८ वर्षें पुरीं झाल्याविना मोटार चालविण्याचा परवाना मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलाच्या अशा अपराधाबद्दल पालकांस वा गाडीच्या मालकास २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तरीही मुलास नुसतें ‘नको’ म्हणण्यापेक्षां, खोडरबर, कागद व वही घेऊन वरील हिशेब त्याच्यासमवेत करून पाहावा, असें आम्ही सुचवितों. ज्यास किंमत कळली, तो रस्त्यावर वेडें धाडस सहसा करीत नाहीं.

धूर विरून जातो व टायर भंगारांत पडतो. त्यांच्या मोबदल्यांत हातास, डोळ्यास व मनास जें वळण लागलें, तेवढेंच पदरीं उरतें. तें लागलें असेल तर खर्च सत्कारणीं लागला. नसेल तर केवळ रबर जाळलें.