चेहरा तोच, प्रकाश खालून

खुलताबादला माझ्या स्टुडिओत बहुतेक गिऱ्हाईक पासपोर्ट साइजसाठी येतं. भद्रा मारुतीच्या यात्रेला कुटुंबाचे फोटो निघतात. अलीकडे नाटकाच्या, शॉर्ट फिल्मच्या पोस्टरसाठी पोरं येतात. ‘‘भाऊ, व्हिलन दिसला पाहिजे,’’ म्हणत भुवया चढवून उभी राहतात. मी सांगतो, तोंड सैल सोड. काम लाईट करेल.

सूर्य वर, दिवाही छताला. त्यामुळे कपाळ उजळ आणि हनुवटीखाली सावली, असाच चेहरा बघायची आपल्याला सवय. फ्लॅश छातीखाली ठेवून वर वळवला की नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि ओळखीचा माणूस परका वाटू लागतो. सॉफ्टबॉक्स मात्र काढायचा. तो सावलीच्या कडा मऊ करतो. त्याऐवजी ग्रिड लावली की उजेड इकडेतिकडे सांडत नाही. शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ-११, आयएसओ १०० ठेवलं की ट्यूबलाईट जवळपास उमटतच नाही. फ्लॅशपासून चेहरा दोन फुटांवर आणि भिंत आठ फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या तुलनेत सोळावा हिस्साच प्रकाश पोचतो. माझी पिवळसर भिंत फोटोत काळी दिसते ती यामुळे.

डोळ्यांचं काय करायचं, ते आधी ठरवावं. ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) शांतारामबापूंनी टेलिफोटो लेन्स वापरून राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दाखवला. उलट ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) कॅमेरामन गॉर्डन विलिस यांनी वरून प्रकाश टाकून ब्रँडोचे डोळे अंधारात ठेवले. दोन्हींचा धाक बसतो.

या विद्येची ताकद छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन यांनी १९६३ साली दाखवली. जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांच्या कारखान्यांत महायुद्धाच्या काळात वेठबिगार राबवले गेले होते. ज्यू असलेल्या न्यूमन यांनी दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि क्रुपना पुढे झुकायला सांगितलं. फोटोत साक्षात सैतान उतरला.

क्रुपचा इतिहास त्या प्रकाशाला साजेसा होता. पण हाच प्रकाश भल्या माणसावरही तितकाच चालतो. म्हणून समोरच्याला सांगितल्याशिवाय मी असा फोटो काढत नाही. तुम्हीही फोनवरचा किंवा पेपरातला फोटो बघून कुणाला वाईट ठरवण्याआधी, नाकाची सावली कुठे पडली आहे ते एकदा बघा.