मनगट उचललं की मूठ मिटते

कोपर टेबलावर टेकवा, पंजा अगदी सैल सोडा आणि मनगट पुढे लोंबू द्या. बोटं आपोआप उघडतात. आता फक्त मनगट मागे उचला, बोटांना काही करायला लावू नका. ती आपसूक आत वळतात, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. बोटं मिटवणारे स्नायुबंध मनगटावरून जातात. मनगट मागे गेलं की ते ताणले जातात, एवढंच. बोटांच्या स्नायूंना मेंदूचा हुकूम लागतच नाही.

मानेत, सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा सारा दिवस या एका गोष्टीवर उभा राहू शकतो. त्याची बोटं हलत नाहीत, पण मनगट उचलता येतं. त्या जोरावर तो हलका चमचा धरतो, पेन धरतो, पत्त्यांचं पान उचलतो. म्हणून जाणते थेरपिस्ट अशा हाताचं मनगट वर असताना बोटं कधी सरळ ताणत नाहीत. ते स्नायुबंध जरा आखूड राहिले, तरच पकड घट्ट येते. बाकी सगळ्या सांध्यांचा ताठरपणा घालवायला जिवाचं रान करायचं आणि इथे मात्र थोडा मुद्दाम जपायचा! हे कळल्यावर कितीतरी वेळ स्वतःच्याच हाताकडे बघत राहावंसं वाटतं.

मज्जारज्जू साधारण करंगळीएवढा जाड, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. तो पुरता निकामी झाला तर पूर्ववत करण्याचा उपाय अजून सापडलेला नाही. पूर्वी अशी माणसं पुष्कळदा त्या इजेने नव्हे, तर पुढे होणाऱ्या बेडसोरने आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इथे जखमी सैनिकांचा वॉर्ड हाती घेतला आणि दंडक घातला: दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. हे वाचता वाचता तुम्हीही बसल्या जागी नकळत थोडे सरकला असाल. कातडी दाबली गेली की ती कुरकुर करते आणि आपण हलतो. ही कुरकुर मेंदूपर्यंत पोचेनाशी झाली की, घड्याळ बघून सरकायला शिकावं लागतं.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी गुटमन यांच्या १६ रुग्णांनी व्हीलचेअरवर बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पॅरालिंपिकचा उगम तो. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सुवर्ण जिंकलं ते सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेले हे जवान आधी बॉक्सर होते.

त्याच १९७२ साली अमेरिकेतले डॉक्टर जॅक लॅपिडिस यांनी जे मांडलं, ते मला त्या सुवर्णपदकाइतकंच मोठं वाटतं. लघवीसाठी कायमची नळी ठेवायची नाही. दर काही तासांनी रुग्णाने स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामा करायचा आणि नळी काढून टाकायची. त्यासाठी नळी ऑपरेशन थिएटरइतकी निर्जंतुक नसली तरी चालते, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते. कारण जंतूंपेक्षा तुंबून ताणलेला मूत्राशय जास्त घातक, असं त्यांचं म्हणणं. या साध्या कृतीने मूत्रपिंडं वाचली. शिवाय माणूस कॉलेजला, कचेरीत, लग्नाकार्याला जायला मोकळा झाला.

जायचं, तर मग उंबरठा आला. व्हीलचेअरच्या उतारासाठी जगभर वापरलं जाणारं प्रमाण १ ला १२. म्हणजे दीड फूट उंच ओट्याला उतार हवा अठरा फुटांचा. अंगणात तेवढी जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून तो वळवता येतो. गवंड्याला हे माप पाया खणण्याआधीच लिहून द्यावं. नाहीतर तो सहा फुटांत उतार संपवतो, आणि मग मनगटाने मूठ मिटायला शिकलेल्या माणसाला स्वतःच्या घरात शिरायला दोन जणांचे हात लागतात.