बरी झाले, पण काख का दुखते?

ऑपरेशन झाले. किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लाईट देणे' म्हणतात, तेही झाले. घरी येऊन आठ महिने लोटले, जखम केव्हाच भरली. पण काखेतली आग काही थांबत नाही. दंडाला मुंग्या येतात, छातीत चमक निघते, चोळीचे कापडसुद्धा टोचते. घरात बोलायची चोरी. उपचारापायी दावणीची म्हैस विकली, आता पुन्हा दुखते म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे? शिवाय मनात धास्ती, गाठ परत तर आली नाही ना?

भगिनींनो, स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर असे दुखणे अनेकींच्या वाट्याला येते. डेन्मार्क देशात तीन हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. ऑपरेशनला दोन-तीन वर्षे उलटल्यावरही त्यांतल्या ४७ टक्के स्त्रियांना दुखत होते. तेव्हा हे मनाचे खेळ नव्हेत, आणि दरवेळी रोग उलटला असेही नव्हे.

मग दुखते का? काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला स्पर्श कळवणारा एक बारीक मज्जातंतू जातो. काखेतल्या गाठी काढताना तो ताणला किंवा कापला जाऊ शकतो. मग ती जागा बधिर होते, तरीही आग होते. किरणांमुळे कातडी व खालचे स्नायू हळूहळू घट्ट होतात. त्यात दुखते म्हणून बाई हात छातीशी धरून ठेवते. खांदा आखडतो आणि दुखणे आणखी वाढते.

म्हणून हात हलता ठेवावा. भिंतीसमोर उभे राहून बोटे हळूहळू वर चढवावी. दोन्ही हातांनी काठी धरून डोक्यावर न्यावी. आपली वेणी आपणच घालावी. ओढ बसेल इतकेच करावे, कळ येईपर्यंत नको. भरलेली घागर, पाटीभर शेण ही कामे एकदम अंगावर घेऊ नयेत. थोड्या वजनापासून सुरुवात करावी. जिल्ह्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडून एकदा नीट शिकून घ्यावे.

बधिर जागेला चटका कळत नाही. तिथे गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक देऊ नये, चुलीपाशी जपावे. खुरपणी करताना, कापूस वेचताना हातमोजे घालावे. काटा बोचला, कापले, तर साबणाने धुऊन लगेच औषध लावावे. बांगड्या रुतू लागल्या तर हाताला सूज येते आहे असे समजून दाखवून यावे.

नेहमीच्या अंगदुखीच्या गोळीने मज्जातंतूचे दुखणे पुष्कळदा हटत नाही. त्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात. त्यांतल्या काही फिट येणाऱ्यांना किंवा उदास राहणाऱ्यांनाही देतात. कुणी तसे सांगितले तर घाबरू नये. गुण यायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना न विचारता गोळी सुरूही करू नये आणि मध्येच सोडूही नये.

नवी गाठ लागली, हात लाल होऊन ताप आला, पाठीत किंवा हाडात नवे दुखणे सुरू होऊन ते थांबेना, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ताप असेल तर त्याच दिवशी जा.

आता दोन शब्द घरच्यांसाठी. सासूबाई, "दिसायला तर धडधाकट आहे" असे म्हणू नका. ही जखम वरून दिसत नाही. घरधन्याने पुढच्या तपासणीला सोबत जावे. कुठे, केव्हा आणि कसे दुखते हे तिला लाजेपोटी सांगता आले नाही, तर आपण सांगावे. म्हैस विकून जिला वाचवले, तिला रात्री सुखाची झोप लागावी, एवढे तर आपल्या हातात आहे.