आमांशाचे जीवाणू : चयापचय आणि रोगकारकता

रोगजंतू घातक ठरतो तो केवळ त्याच्या विषामुळे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तथापि जीवाणू कोणते अन्न वापरतो, कोणती संयुगे तयार करतो आणि कोणती बाहेर टाकतो, म्हणजेच त्याचे चयापचय कसे चालते, यावरही त्याची रोगकारकता अवलंबून असते. रक्तमिश्रित आमांशास कारणीभूत असलेला शिगेला हा जीवाणू याचे उत्तम उदाहरण होय.

जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये या जीवाणूचा शोध लावला. जनुकीयदृष्ट्या शिगेला हा मानवी आतड्यात सामान्यतः निरुपद्रवीपणे राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूचा अत्यंत जवळचा आप्त आहे. एका मोठ्या प्लाझ्मिडवरील जनुकांमुळे त्याला आतड्याच्या पेशींत शिरण्याची क्षमता प्राप्त झाली. मात्र त्याने जे मिळविले त्याइतकेच महत्त्व त्याने जे गमावले त्यालाही आहे.

ई. कोलायचे बहुसंख्य प्रकार लायसिन या अमिनो आम्लाचे विघटन करून कॅडाव्हरिन तयार करतात. शिगेलामध्ये ही क्षमता नाही. अमेरिकेतील संशोधकांनी या क्रियेचे जनुक शिगेलामध्ये पुन्हा बसविले, तेव्हा निर्माण झालेल्या कॅडाव्हरिनमुळे जीवाणूच्या आंत्रविषाची क्रिया रोखली गेल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. निकोटिनिक आम्लाची गोष्टही अशीच आहे. बहुतेक शिगेला जीवाणूंना ते बाहेरून घ्यावे लागते, कारण त्याच्याशी संबंधित संयुग बनविणारी जनुके निकामी झालेली आहेत. ती पूर्ववत केली असता जीवाणूची पेशींत शिरण्याची क्षमता घटते. थोडक्यात, मुक्तपणे जगताना उपयुक्त असलेले गुणधर्म पेशीच्या आत राहताना अडसर ठरले आणि निसर्गनिवडीत ते बाजूला पडले. पेशींत शिरणाऱ्या ई. कोलायमध्येही लायसिन विघटनाची क्षमता आढळत नाही. त्यामुळे या निष्कर्षास बळकटी मिळते.

साल्मोनेलाचा मार्ग याहून वेगळा आहे. त्याच्या संसर्गाने आतड्याचा दाह होतो व त्यातून टेट्राथायोनेट हे संयुग निर्माण होते. साल्मोनेला त्याचा श्वसनासाठी वापर करतो आणि इतर जीवाणूंवर मात करतो. येथे रोग हाच जीवाणूच्या वाढीचे साधन बनतो.

या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग प्रयोगशाळांत दीर्घकाळ होत आला आहे. मॅक्काँकी माध्यमावर दुग्धशर्करेचे किण्वन करणाऱ्या ई. कोलायच्या वसाहती गुलाबी, तर शिगेलाच्या रंगहीन दिसतात. पुढील चाचण्यांनी निदान पक्के केले जाते.

भारतात या विषयाचे महत्त्व मोठे आहे. १९८४ मध्ये पश्चिम बंगालमध्ये शिगेलाची मोठी साथ उद्भवली होती. डिसेंबर २०२० मध्ये केरळमधील कोझिकोड येथेही उद्रेक झाला. अवघे १० ते १०० जीवाणू संसर्गास पुरेसे ठरू शकतात. शिवाय फ्लुरोक्विनोलोन औषधांना न जुमानणाऱ्या शिगेलाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या प्राधान्य यादीतील उच्च गटात केला आहे. जुनी प्रतिजैविके अशी निष्प्रभ होत असताना जीवाणूच्या चयापचयातील दुबळ्या जागा शोधणे हा नव्या उपचारांचा एक आशादायी मार्ग ठरतो. तोपर्यंत शुद्ध पाणी, शौचालयांचा वापर आणि साबणाने हात धुणे हेच सर्वांत खात्रीचे संरक्षण होय.