ओ.एस., किप आणि हरवलेले गट

संपादकांनी अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राचा आढावा मागितला आहे. मागितलाच आहे तर घेऊ. मोल, वायूंचे नियम, उदासिनीकरण, रेडॉक्स समीकरणं तोलणं या गोष्टी ज्यांनी केल्या त्यांना ठाऊक आहेत. ज्यांनी केल्या नाहीत त्यांना त्या दिवाळीच्या सुट्टीत शिकायच्या नसतात. टायट्रेशनबद्दल एवढंच सांगतो, की फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी व्हायच्या आत शेजाऱ्याचं रीडिंग विचारणारी मुलं आमच्या वेळीही होती. सेंद्रिय संयुगांची नावं पाठ करण्यावर मी आयुष्यात एक दिवसही प्रेम केलं नाही, आता वयोपरत्वे करणार नाही.

माझं प्रेम एकाच गोष्टीवर: सॉल्ट अ‍ॅनालिसिस. बाकी प्रत्येक प्रयोगात उत्तर आधीच माहीत असतं, आपण फक्त ते आलं असं दाखवायचं. इथे मात्र पुडीत काय आहे ते पोराला ठाऊक नसतं. चिमूटभर पूड, टेस्ट ट्यूबचा स्टँड आणि तीन तास. अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात खरोखर काही शोधून काढायची ही एकमेव जागा होती.

ही पद्धत आपल्याकडे रूढ झाली ती जर्मनीच्या फ्रेझेनियसच्या वळणाने. त्याचं गुणात्मक विश्लेषणाचं पुस्तक 1841 सालचं. पुढे 1848 मध्ये त्याने वीसबाडेनला स्वतःची प्रयोगशाळा काढली. धातू गटागटाने खाली बसवण्याची ती उतरंड वरवर पाठांतराची वाटते. तिच्या पोटात विद्राव्यतेचं सगळं शास्त्र आहे. ओ.एस.मध्ये, म्हणजे पुडीच्या मूळ द्रावणात, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की शिसं खाली बसतं. ते गाळून आम्लातच हायड्रोजन सल्फाइड सोडला की तांबं सल्फाइड होऊन काळं पडतं आणि जस्त ढिम्म हलत नाही. कारण तांब्याच्या सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार जस्ताच्यापेक्षा अब्जावधी पटींनी लहान. आम्लामुळे द्रावणात सल्फाइड आयन नावापुरतेच उरतात; तेवढे तांब्याला पुरतात, जस्ताला पुरत नाहीत. पुढे द्रावण अमोनियाने अल्कधर्मी केलं की तोच वायू जस्ताला पांढरं सल्फाइड करून खाली आणतो. तिसऱ्या गटाआधी वायू उकळून घालवायचा, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाकून फेरसचं फेरिक करायचं आणि अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड. ते का? नाहीतर हायड्रॉक्सिल आयन वाढतात आणि मॅग्नेशियम-मँगनीज वेळेआधीच लोखंडाबरोबर खाली येतात. कॉमन आयन इफेक्ट फळ्यावर शिकवायला एक तास लागतो. हा गट चुकलेला मुलगा तो जन्मभर विसरत नाही.

आणि हा वायू यायचा तो किपच्या उपकरणातून. डेल्फ्टच्या किपने 1840च्या दशकात घडवलेली ती काचेची तीन गोळ्यांची वस्तू मला आजही देखणी वाटते. मधल्या गोळ्यात फेरस सल्फाइडचे खडे, वरून आम्ल. नळ उघडा की वायू येतो. बंद केला की साचलेला वायूच आम्लाला मागे ढकलतो आणि क्रिया आपोआप थांबते. ना मोटर, ना वीज. वरच्या मजल्यावरचे मराठीचे प्राध्यापक नाकाला रुमाल लावून तक्रार करायला खाली यायचे हे खरं. पण आले की किपपुढे दहा मिनिटं उभे राहायचे.

ही नुसती पोरखेळाची पद्धत आहे असं समजणाऱ्यांना मी विंकलरची गोष्ट सांगतो. फ्रायबर्गच्या या माणसाकडे अर्जिरोडाइट नावाचं चांदीचं नवं खनिज आलं. त्याने ते तपासलं. चांदी, गंधक, थोडं लोखंड-पारा, सगळ्याची बेरीज केली तर साधारण सात टक्के कमी. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच कमी. दुसरा कोणी असता तर ‘प्रायोगिक त्रुटी’ लिहून मोकळा झाला असता. विंकलरने काही महिने त्या सात टक्क्यांचा पिच्छा पुरवला आणि 1886 मध्ये एका द्रावणात भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पांढरं सल्फाइड खाली बसलं. ते जर्मेनियम. मेंडेलीव्हने आवर्तसारणीत ज्याची जागा 1871 मध्ये मोकळी ठेवून गुणधर्मही वर्तवले होते, तेच मूलद्रव्य. एक मूलद्रव्य सापडलं ते याच टेस्ट ट्यूबच्या, याच सल्फाइडच्या वाटेने.

ज्योत परीक्षेबद्दल थोडक्यात, कारण फटाक्यांमुळे ती सगळ्यांना अर्धीमुर्धी माहीत आहे. स्ट्राँशियमचा किरमिजी, कॅल्शियमचा विटकरी, बेरियमचा पोपटी हिरवा. सोडियमच्या पिवळ्या धिंगाण्यात पोटॅशियमचा फिकट जांभळा बघायला निळी काच डोळ्यांपुढे धरावी लागते. हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी त्याच ज्योतीपुढे प्रिझम धरला आणि 1860 मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यातून सीझियम शोधलं. त्याचे काही ग्रॅम क्षार हाती यायला बुन्सेनला चाळीस टनांहून जास्त पाणी आटवावं लागलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फटाक्यांतल्या बेरियम क्षारांवर बंदी घातली, आणि नागपूरच्या नीरीने पुढाकार घेऊन केलेल्या फटाक्यांना नाव मिळालं हरित. ज्याने हिरवा रंग येतो त्यालाच हरित फटाक्यात मज्जाव, ही गंमत बारावीचा कुठला मुलगा आज ओळखेल, मला शंका आहे.

आता आमच्या सुधारक मित्रांकडे वळतो. दोन-तीन दशकांपूर्वीच्या अभ्यासक्रमाच्या बैठकांत त्यांचं पालुपद एकच होतं: आता यंत्र दोन मिनिटांत सगळी मूलद्रव्यं सांगतं, मग ही बुरसटलेली पद्धत कशाला? हायड्रोजन सल्फाइडबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पटतं. तो जीवघेणा आहे. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे धोका वाढताना इशारा बंद. त्यासाठी थायोअ‍ॅसिटामाइड वापरा, थेंबाथेंबाने काम करा. पण वायूबरोबर विचारही का टाकून दिलात? आणि यंत्राचं म्हणाल तर बंगालमध्ये कूपनलिकेच्या पाण्यात आर्सेनिक आहे की नाही ते गावात बघायला आजही गुट्झाइटच्या एकोणिसाव्या शतकातल्या क्रियेवरची साधी किट वापरतात. पाण्यातल्या आर्सेनिकचा आर्सीन वायू होतो, तो मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा-तपकिरी डाग पाडतो. गावात स्पेक्ट्रोमीटर नेऊन दाखवा म्हणावं.

खरा घात सुधारकांनीही केला नाही. तो आपण सगळ्यांनी मिळून केला. मिश्रणाऐवजी एकच क्षार आला. मग क्षारांची यादी आखूड झाली. मग यादीतल्या पुडीचा नंबर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ‘फुटायला’ लागला. आता क्लासवाल्यांच्या ‘इंटिग्रेटेड’ कारभारात मुलं प्रयोगशाळेचं तोंड वर्षातून किती वेळा बघतात ते विचारू नये. जर्नल मात्र भरलेलं असतं, आणि त्यातली नायट्रेटच्या परीक्षेची ब्राउन रिंग पेन्सिलीने छान गोल काढलेली असते.

एक्स्टर्नल परीक्षक म्हणून जायचो तेव्हा माझा एक आवडता डाव होता: हिरवी पूड. कॉपर क्लोराइड हिरवं, निकेल सल्फेट हिरवं, फेरस सल्फेट फिकट हिरवं. रंग बघून ठोकून देणारा तिथेच अडकायचा. अमोनिया घातला की तांबंही निळं होतं आणि निकेलही. तांब्याचा निळा जास्त गडद, पण ते डोळ्याला सवय असली तरच. मग खात्री करून घ्यायची: तांब्याला पोटॅशियम फेरोसायनाइडने चॉकलेटी साका येतो, निकेलला डायमिथिल ग्लायॉक्झिमने लालभडक. शेवटच्या काही वर्षांत एका मुलीला मी विचारलं, तू दोन्ही परीक्षा का करून बघितल्या? पहिल्यातच उत्तर आलं होतं की. म्हणाली, “सर, आलं ते निकेल नाही हेही बघायला नको का?” तिला मी वीसपैकी वीस दिले, आणि कॉलेजच्या विभागप्रमुखांनी व्हायवात एवढे गुण देत नाहीत म्हणून माझ्याशी वाद घातला.