इंग्रजी संभाषणातील संलग्न उच्चार

सलग बोलताना शेजारशेजारच्या शब्दांतील ध्वनी एकमेकांत मिसळतात, आखूड होतात, बदलतात किंवा गळून पडतात. अशा रीतीने सिद्ध होणाऱ्या उच्चारांना संलग्न उच्चार असे म्हणतात. ही प्रक्रिया बहुतेक सर्व भाषांत आढळते. इंग्रजीत मात्र ती विशेष ठळक असून शब्दाचे लेखन, शब्दकोशातील त्याचा सुटा उच्चार आणि संभाषणातील त्याचे प्रत्यक्ष रूप यांत मोठे अंतर पडते. त्यामुळे इंग्रजी पुस्तके सहज वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही मातृभाषकांचे घरगुती, जलद बोलणे अनेकदा समजत नाही. हे बोलणे वरकरणी गबाळे वाटले तरी त्यातील बहुतेक बदल नियमबद्ध असतात.

प्रस्तुत लेखात इंग्रजी उच्चार देवनागरीत दिले आहेत. ते स्थूल स्वरूपाचे असून प्रदेशानुसार त्यांत फरक पडतो.

आघात आणि लय

इंग्रजी शब्दातील सर्व अवयव सारख्या जोराने उच्चारले जात नाहीत. एका अवयवावर मुख्य आघात असतो आणि त्यातील स्वर स्पष्ट व पूर्ण ऐकू येतो. अनाघात अवयवांतील स्वर आखूड होऊन बहुधा मराठी ‘अ’सारखा होतो. हा इंग्रजीत सर्वाधिक आढळणारा स्वर असून त्यासाठी स्वतंत्र अक्षर नाही. लेखनात त्याच्या जागी कोणतेही स्वराक्षर असू शकते. ‘फोटोग्राफ’ या शब्दात आघात पहिल्या अवयवावर आहे. त्यापासून झालेल्या ‘छायाचित्रण’ या अर्थाच्या शब्दात तो दुसऱ्या अवयवावर सरकतो आणि उच्चार ‘फटॉग्रफी’ असा होतो. पहिल्या शब्दातील पूर्ण स्वर दुसऱ्यात क्षीण होतो आणि क्षीण स्वर पूर्ण होतो.

हेच तत्त्व वाक्यालाही लागू पडते. नामे, मुख्य क्रियापदे, विशेषणे व क्रियाविशेषणे हे अर्थवाहक शब्द बहुधा साघात असतात. शब्दयोगी अव्ययांचे काम करणारे शब्द, उपपदे, सर्वनामे आणि साहाय्यक क्रियापदे बहुधा अनाघात राहतात. दोन आघातांच्या मधले शब्द थोड्या वेळात उरकले जातात. अमेरिकी भाषावैज्ञानिक केनेथ पाइक यांनी १९४५ साली या आधारे आघातकालिक व अवयवकालिक लय असा भेद मांडला. पहिल्या प्रकारात आघात साधारण समान अंतराने येतात, तर दुसऱ्यात प्रत्येक अवयवाला साधारण समान वेळ मिळतो. इंग्रजीची गणना पहिल्या प्रकारात होते. पुढे प्रत्यक्ष मोजणीत हे अंतर काटेकोरपणे समान नसल्याचे दिसून आले. तरीही साघात व अनाघात अवयवांतील तफावत इंग्रजीत मोठी असते, ही बाब श्रोत्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

दुर्बल रूपे

इंग्रजीत सुमारे चाळीस छोट्या शब्दांना दोन उच्चार आहेत. सुटा किंवा जोर देऊन केलेला उच्चार हे सबल रूप होय. वाक्याच्या ओघात येणारा उच्चार हे दुर्बल रूप होय. काही नेहमीची रूपे पुढीलप्रमाणे आहेत.

• ‘अँड’ – ओघात ‘अन’ किंवा केवळ ‘न’. चहा-बिस्किटासारख्या जोडीत ‘ब्रेड न बटर’.
• ‘फॉर’ – ‘फर’ किंवा ‘फ’.
• ‘टू’ – ‘ट’.
• ‘ऑफ’ असे मराठीत लिहिले जाणारे षष्ठीवाचक – ‘अव’ किंवा ‘अ’. ‘कप ऑफ टी’ ऐवजी ‘कपटी’शी जुळणारे ‘कप-अ-टी’.
• ‘हॅव’ – साहाय्यक क्रियापद असताना ‘अव’. ‘शुड हॅव’ ऐवजी ‘शुडव’.
• ‘कॅन’ – ‘कन’.

शेवटून दुसऱ्या उदाहरणातील ‘अव’ आणि षष्ठीवाचक ‘अव’ हे कानाला सारखेच लागतात. त्यामुळे इंग्रजी मातृभाषक लिहितानाही एकाच्या जागी दुसरा शब्द लिहिण्याची चूक करतात.

दुर्बल रूप सर्वत्र चालत नाही. वाक्याच्या शेवटी आलेला शब्द सबल राहतो. ‘येस, आय कॅन’ या उत्तरात ‘कॅन’ पूर्ण उच्चारला जातो, पण ‘आय कन सी इट’ या वाक्यात तो आखडतो. विरोध दाखवायचा असल्यासही सबल रूपच वापरले जाते.

शब्दांच्या सीमेवरील ध्वनिबदल

मराठी वाचकाला संस्कृत व्याकरणातील संधी परिचित आहे. ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’ होतो, ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होतो. आधुनिक भाषाविज्ञानाने ‘संधी’ ही संज्ञा संस्कृतातूनच स्वीकारली आहे. इंग्रजीत असे बदल लेखनात दाखवले जात नाहीत, पण बोलण्यात सतत घडतात. त्यांचे मुख्य प्रकार असे आहेत.

जोडणी: व्यंजनान्त शब्दापुढे स्वरादी शब्द आल्यास व्यंजन पुढच्या स्वराला चिकटते. ‘पिक इट अप’ हे तीन शब्द ‘पिकिटप’ असे एकच शब्द वाटतात. ‘ॲन ॲपल’ हे ‘अनॅपल’ होते.

आगम: दोन स्वर लागोपाठ आल्यास मध्ये ‘य’ किंवा ‘व’ सारखा ध्वनी येतो. ‘सी इट’ हे ‘सीयिट’ व ‘गो ऑन’ हे ‘गोवॉन’ असे ऐकू येते. दक्षिण इंग्लंडमधील प्रमाण उच्चारात शब्दान्तीचा ‘र’ एरवी उच्चारला जात नाही, पण पुढे स्वर आल्यास प्रकट होतो. या सवयीमुळे लेखनात ‘र’ नसतानाही तो काही ठिकाणी शिरतो. ‘लॉ अँड ऑर्डर’ हे अनेकांच्या तोंडी ‘लॉरन ऑर्डर’ होते.

लोप: दोन व्यंजनांच्या मध्ये सापडलेला ‘ट’ किंवा ‘ड’ बहुधा गळतो. ‘नेक्स्ट डे’ हे ‘नेक्स डे’ आणि ‘लास्ट नाइट’ हे ‘लास नाइट’ असे होते. अनाघात सर्वनामातील ‘ह’ही गळतो, म्हणून ‘टेल हिम’ हे ‘टेलिम’ असे ऐकू येते.

समीभवन: शेजारच्या ध्वनीच्या प्रभावाने ध्वनी त्याच्याजवळचे रूप घेतो. ‘टेन बॉइज’ हे ‘टेम बॉइज’ होते आणि ‘टेन गर्ल्स’मधील ‘न’ हा ‘ङ’कडे झुकतो. मराठीतील अनुस्वाराचा उच्चारही याच तत्त्वावर बदलतो. ‘अंबर’मध्ये तो ‘म’ असतो आणि ‘अंक’मध्ये ‘ङ’.

तालव्यीकरण: ‘ट’ किंवा ‘ड’ यांच्यापुढे ‘य’ आल्यास दोहोंच्या जागी ‘चहा’तील ‘च’ किंवा ‘जय’मधील ‘ज’ सारखा ध्वनी येतो. ‘डिड यू’ चे ‘डिजू’ आणि ‘डोन्ट यू’ चे ‘डोन्चू’ होते.

याखेरीज काही शब्दसमूह इतके झिजले आहेत की त्यांना स्वतंत्र रूप आले आहे. ‘गोइंग टू’ चे ‘गना’ आणि ‘वॉन्ट टू’ चे ‘वॉना’ ही त्यांपैकी सर्वांत परिचित उदाहरणे होत. ‘गना’ केवळ भविष्यकालदर्शक रचनेत, म्हणजे पुढे क्रियापद असतानाच येते. ‘मी पुण्याला जात आहे’ अशा गतिवाचक वाक्यात ‘गोइंग टू’ चे ‘गना’ होत नाही. झिजलेल्या रूपांनाही व्याकरण असते, हे यावरून स्पष्ट होते.

प्रदेशागणिक निराळे बदलही आढळतात. अमेरिकी इंग्रजीत दोन स्वरांमधील ‘ट’ हा जिभेच्या टोकाच्या एका झटक्याने उच्चारला जातो आणि मराठी कानाला ‘ड’ किंवा ‘र’ सारखा लागतो. ब्रिटनमधील अनेक बोलींत ‘बॉटल’ सारख्या शब्दातील ‘ट’ च्या जागी कंठातील क्षणिक अडथळा येतो.

मराठी भाषकांना येणाऱ्या अडचणी

मराठी भाषकही सलग बोलताना शब्द झिजवतात. ‘करत आहे’ ऐवजी ‘करतोय’, ‘जायचे आहे’ ऐवजी ‘जायचंय’, ‘कुठे आहेस’ ऐवजी ‘कुठेयस’ ही रूपे नित्याची आहेत. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला ती तितकीच अनाकलनीय वाटतात. मराठीत मात्र उच्चार व लेखन यांचे नाते जवळचे असल्याने लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारण्याची सवय इंग्रजी वाचतानाही कायम राहते.

क्षीण स्वर उच्चारणे ही मराठी भाषकाची खरी अडचण नाही, कारण मराठीतील ‘अ’ त्याच्या अगदी जवळचा आहे. लेखनात दिसणाऱ्या ‘ओ’, ‘ए’ किंवा ‘आ’ यांच्या जागी ‘अ’ ऐकण्याची मनाची तयारी नसते, ही अडचण आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत ‘अँड’, ‘फॉर’, ‘टू’ असे लिहिले जात असल्याने सबल रूपेच कानात पक्की बसलेली असतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तथापि ज्याचे शिक्षण मुख्यतः पाठ्यपुस्तकातून व शिक्षकाच्या संथ, सुट्या उच्चारांतून होते, त्या विद्यार्थ्याचा कान संलग्न उच्चारांना सरावत नाही. ऐकलेले कळले नाही की शब्दसंपत्ती अपुरी असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात लिखित उतारा समोर ठेवल्यास त्यातील प्रत्येक शब्द ओळखीचा निघतो.

काही गैरसमज केवळ आघातामुळे होतात. अमेरिकी इंग्रजीत होकारार्थी ‘कॅन’ ओघात ‘कन’ असा आखडतो. नकारार्थी ‘कॅन्ट’मधील स्वर पूर्ण राहतो, मात्र अखेरचा ‘ट’ अनेकदा स्फोट न होता विरतो. ‘मी येऊ शकतो’ हे सांगताना मराठी भाषकाने ‘कॅन’ पूर्ण व जोरात उच्चारल्यास अमेरिकी श्रोत्याला नेमका उलट अर्थ ऐकू येण्याचा संभव असतो. दूरध्वनीवर ही शक्यता अधिक वाढते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ या जोड्यांतही दोन्हीकडे पहिल्याच अवयवावर जोर दिल्यास गोंधळ होतो. त्यामुळे रक्कम किंवा वेळ सांगताना अंक सुटे करून पुन्हा सांगणे उपयुक्त ठरते.

आकलनाचा सराव

शब्दांच्या सीमा ऐकू येत नसतानाही मातृभाषक वाक्य कसे उलगडतात, याचा अभ्यास ॲन कटलर व डेनिस नॉरिस यांनी केला. १९८८ साली त्यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार इंग्रजी श्रोते सबल अवयवाला नव्या शब्दाचा आरंभ मानून चालतात. इंग्रजीतील बहुसंख्य अर्थवाहक शब्दांचा पहिला अवयव सबल असल्याने ही युक्ती सहसा यशस्वी होते. शिकणाऱ्यालाही प्रत्येक शब्द पकडण्यापेक्षा साघात शब्द पकडून मधले दुवे संदर्भ व व्याकरण यांच्या आधारे भरून काढणे अधिक फलदायी ठरते.

अध्यापनात पुढील पद्धती वापरल्या जातात.

• काही सेकंदांचा ध्वनिमुद्रित अंश पुनःपुन्हा ऐकून लिहून काढणे, मग मूळ संहितेशी ताडून कोणता ध्वनी कोठे गळला याची नोंद करणे. चित्रपटाचे संवाद प्रथम उपशीर्षकांविना व नंतर उपशीर्षकांसह ऐकणे हा याचाच प्रकार होय.
• वक्त्याच्या मागोमाग, त्याच्याच गतीने व सुरावलीने बोलणे.
• वाक्यांश शेवटाकडून बांधत नेणे. प्रथम ‘अप’, मग ‘इटप’, नंतर ‘पिकिटप’.
• एकच वाक्य संथ व जलद अशा दोन्ही प्रकारे ऐकून तुलना करणे.

ध्वनिमुद्रणाची गती यंत्राने कमी केल्यास ऐकण्यास अवधी मिळतो, परंतु गळलेले ध्वनी त्यामुळे परत येत नाहीत. म्हणून गती कमी करणे हा संलग्न उच्चार ओळखण्याच्या सरावाला पर्याय ठरत नाही.

अभ्यासाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री स्वीट या इंग्रज अभ्यासकाने बोलीभाषेच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर भर दिला. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील प्राध्यापक हिगिन्स या पात्रात स्वीट यांच्या स्वभावाच्या छटा आहेत. पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ हे याच नाटकाचे मराठी रूपांतर होय. १८८६ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय स्वनविज्ञान संघटनेची स्थापना झाली. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली प्रसिद्ध झाला. गिलियन ब्राउन यांनी १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात परदेशी विद्यार्थ्यांना सहज बोललेली इंग्रजी ऐकण्याचे स्वतंत्र शिक्षण देण्याची गरज मांडली.

भारतात १९५८ साली हैदराबाद येथे इंग्रजी अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. तेथील अभ्यासक आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेविषयीचा प्रबंध १९६९ साली प्रकाशित झाला.

संलग्न उच्चार अंगीकारण्याविषयी मतभेद

शिकणाऱ्याने संलग्न उच्चार ओळखावेत याबद्दल दुमत नाही. ते स्वतः वापरावेत का, याविषयी मात्र मतभेद आहेत. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परस्परांशी इंग्रजीत बोलणाऱ्या अन्य भाषकांच्या संवादाचा विचार केला. अशा संवादात दुर्बल रूपे व शब्दसीमेवरील ध्वनिबदल सुबोधतेसाठी आवश्यक नसतात, उलट काही वेळा ते अडथळा ठरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. योग्य शब्दावरील आघात मात्र त्यांनी आवश्यक मानला. रिचर्ड कॉल्डवेल यांनी ऐकण्याचे व बोलण्याचे उद्दिष्ट वेगळे करण्याचा आग्रह धरला आहे. सुटे शब्द म्हणजे काचगृहातील रोपे, नियमबद्ध संलग्न उच्चार म्हणजे बाग आणि उत्स्फूर्त बोलणे म्हणजे अरण्य, असे रूपक ते वापरतात. बोलणे बागेपुरते राहिले तरी चालते, पण कानाला अरण्यात वावरता आले पाहिजे, असा या भूमिकेचा आशय आहे.

जेथे गैरसमजाची किंमत जीविताने मोजावी लागते, अशा क्षेत्रांत उच्चारांची झीज हेतुपुरस्सर टाळली जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार रेडिओवरील संभाषणात तीन, पाच व नऊ या अंकांचे उच्चार अनुक्रमे ‘ट्री’, ‘फाइफ’ व ‘नायनर’ असे निश्चित केलेले आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांतील वैमानिक व हवाई नियंत्रकांसाठी किमान इंग्रजी भाषाकौशल्याची अट २००८ सालापासून लागू आहे. तिच्या निकषांत उच्चार आणि आकलन या दोन्ही बाबींचे स्वतंत्र मूल्यमापन केले जाते.